दोघींत एक कागद

माझ्या भावाला वाचता येत नाही, भावजयीला येत नाही, आणि आमच्या घरातलं कागदपत्रांचं जे काही असतं ते मी बघते. तेव्हा जे झालं त्याची सुरुवात माझ्याच हातून झाली, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कोणी मला ऐकवायला नको.

मी माहरुख. गझनीत मुलींच्या शाळेत शिकवते. पूर्वी बारावीला भूमिती शिकवायचे. मग हे लोक सत्तेवर आले, सहावीच्या पुढचे वर्ग बंद केले आणि मला चौथीवर आणून बसवलं. वर्तुळं आणि स्पर्शिका काढणारी बाई आता मुलींची नाकं पुसते आणि हातचा एक घ्यायला शिकवते. तक्रार नाही. ज्यांना तेवढंही राहिलं नाही अशा माझ्या मैत्रिणी घरात बसून भिंतीशी बोलतात.

लग्न मी केलं नाही. भावाच्या घरी राहते. भाऊ खुदादाद पत्र्याच्या शेगड्या आणि धुराडी बनवतो. दिवसभर पत्रा ठोकून त्याचे कान गेलेत, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं शेजाऱ्यांना वाटतं. भावजय सनोबर त्याच्या उलट. तिचं बोलणं ऐकायला जवळ सरकावं लागतं. या दोघांची मुलगी शाहपरी.

खरं तर शाहपरी दोन झाल्या.

पहिली गोवरानं गेली. तीन वर्षांची होती, गुबगुबीत, नकट्या नाकाची, कोणाकडेही जायची. नवरोजला तिला नवा फ्रॉक घातला आणि पंधरा दिवसांत तिला पुरलं. सनोबरला तेव्हा तिसरा महिना होता. ती रडली नाही, भाकऱ्या करत राहिली, धुणं धूत राहिली. आम्हाला वाटलं, बाई खंबीर आहे. आम्ही मूर्ख होतो.

त्याच साली द्राक्षं उतरवून झाल्यावर दुसरी मुलगी झाली. सुईणीनं बाळ हातात दिलं आणि सनोबर म्हणाली, "आली का गं शाहपरी." झालं, तेच नाव. गेलेल्या पोराचं नाव पाठच्याला ठेवायचं आमच्याकडे काही नवं नाही, गल्लीत शोधलं तर चार घरं सापडतील. पण सनोबरनं नुसतं नाव ठेवलं नाही. पहिली गेली हे तिनं कधी तोंडातून काढलंच नाही. लहान मुलांच्या कबरीवर आमच्याकडे नाव लिहीत नाहीत, डोक्याशी एक दगड आणि पायाशी एक. त्या दोन दगडांकडे ती फिरकली नाही. आणि मुलगी बोलायला लागल्यावर तिला सांगायची, "तुला आठवतं का गं, पाणवठ्यावरच्या गाढवाला तू काकडी दिलीस आणि त्यानं तुझी ओढणीच खाल्ली?" ते पहिलीचं. पण पोर मान हलवायची, म्हणायची, "हो, आठवतं." पुढे पुढे गाढवाचा रंगही सांगायला लागली.

मी बघत होते, आणि गप्प होते. मला वाटायचं, कोणाचं काय बिघडतंय.

शाहपरी साडेसहा वर्षांची झाली तेव्हा तिला मी शाळेत घालायला निघाले. शाळेला ओळखपत्र लागतं. ते काढायचं म्हणजे मोहल्ल्याच्या प्रमुखाचा शिक्का, दोन साक्षीदार, खुदादादचं दुकान दोन दिवस बंद, आणि कचेरीच्या रस्त्यावर तेव्हा रोज गोळीबार. ट्रंकेत पहिलीचं ओळखपत्र होतं. जुनं, कागदी, लहान मुलांचा फोटो त्यावर नसतो. नाव शाहपरी, वडील खुदादाद, आजोबांचं नाव तेच. वयाच्या जागी लिहिलेलं, "चेहऱ्यावरून अंदाजे दोन वर्षं." आमच्याकडे जन्मतारीख कोण लिहून ठेवतं? कारकून पोराच्या तोंडाकडे बघतो, पेनानं कानामागे खाजवतो आणि लिहितो. तो कागद पाहून मला हसू आलं होतं. मी म्हणाले, "कागद आहेच की घरात. कशाला हेलपाटे?"

खुदादाद म्हणाला, "चालेल का ताई?"

"न चालायला काय झालं? कोण बघतंय?"

आणि खरंच कोणी बघितलं नाही. कागदावर ती दहा वर्षांची निघाली आणि पहिलीत बसली. आमच्या मुख्याध्यापिका अकीलाबाई एवढंच म्हणाल्या, "दहा वर्षांची म्हणजे फारच बारीक आहे गं, खायला घालता ना?" लढाईतून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीसुद्धा तेव्हा पहिलीत बसत. घरी येऊन मी माझ्या हुशारीचं कौतुक स्वतःच करून घेतलं, चहा जास्त साखरेचा प्याले.

यंदा वसंतात शाळा उघडली आणि चौथ्या दिवशी हुकूम आला. ज्या मुलींना दहा वर्षं पूर्ण झाली त्यांनी शाळेत येऊ नये. वर्ग कितवा ते विचारायचं नाही, वय बघायचं. दोन माणसं आली, ऑफिसात बसून त्यांनी सगळ्या मुलींचे कागद मागवले आणि यादी केली. माझ्या वर्गातल्या एकवीस मुली गेल्या. त्या यादीत सातवं नाव शाहपरीचं, वय तेरा.

मी ऑफिसात गेले, दाराबाहेरून म्हणाले, "साहेब, ही मुलगी नऊ वर्षांची आहे. बोलावते, तुम्ही बघा. बाकावर बसली की तिचे पाय अजून जमिनीला पुरत नाहीत."

त्यांच्यातला एक आतून म्हणाला, "कागदावर तेरा आहे."

"कागद चुकलाय."

"मग कागद दुरुस्त करून आणा. आम्ही मुलींच्या तोंडाकडे बघायला आलेलो नाही."

वय लिहिताना तोंड बघून लिहिलं, आणि वाचताना तोंड बघणं पाप. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं. एक शब्द जास्त बोलले असते तर उरलेल्या अकरा मुलींनाही शिकवायला कोणी राहिलं नसतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरात सगळं सांगितलं. शाहपरी आजारी शेजारणीकडे ताक पोहोचवायला गेली होती, म्हणून मोकळेपणानं बोलता आलं. म्हणाले, ओळखपत्र दुरुस्त करायचं. पहिली मुलगी गेली, ही दुसरी, हिचा जन्म अमुक साली, असं कचेरीत जाऊन नोंदवायचं. म्हणजे हिचं वय साडेनऊ होईल. द्राक्षांनंतर दहा पूर्ण होतील, तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असेल.

खुदादाद घास हातात धरून बसला. "म्हणजे किती दिवस मिळतील?"

"एक वर्ष. चौथीचं."

"एका वर्षासाठी एवढं? ताई, एका वर्षानं काय होणार आहे?"

"चौथी होणार आहे."

"आणि मग?"

"मग मला माहीत नाही रे खुदादाद! मग काय होणार ते मला माहीत असतं तर मी इथे बटाटे सोलत बसले असते का? आज एक वर्ष मिळतंय, तेवढं तर घेऊ दे पोरीला."

त्यानं हातातला घास तोंडात घातला. तो वाईट माणूस नाही. पोरीची वही तो कधीकधी उलटी धरून बघत बसायचा आणि म्हणायचा, अक्षर छान आहे.

सनोबरनं भांडी उचलली. दारापर्यंत गेली आणि न वळता म्हणाली, "कचेरीत कोण सांगणार, ती गेली म्हणून?"

"आईचं म्हणणं लागतं, वहिनी."

"मी नाही सांगणार."

"अगं, नुसतं सांगायचंय. सगळ्यांना ठाऊकच आहे ते."

"वन्सं, तुम्ही शिकलेल्या. कागदावर मेलेलं वेगळं आणि खरं मेलेलं वेगळं, असं तुम्हाला जमतं. मला नाही जमत. माझी पोरगी शेजारी ताक द्यायला गेलीय. आत्ता येईल. तिचं नाव घेऊन मी परक्या माणसांपुढे म्हणू, मेली?"

मी चिडले. नको ते बोलले. म्हणाले, "दहा वर्षं तू एका पोरीच्या अंगावर दुसरीचे कपडे चढवतेयस. त्यापायी हिचं वाटोळं करशील." कागद मी ट्रंकेतून काढला होता हे त्या क्षणी मला बरं आठवलं नाही. मोरीत भांड्यांचा आवाज सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर शाहपरी काळा झगा आणि पांढरा रुमाल घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी उभी. मी म्हणाले, "बाळा, तुला यायचं नाहीये ना."

"माहितीये आत्या. मी येत नाहीये. मी इथे बसतेय."

ती उंबऱ्याच्या आत बसली. मी दुपारी परत आले तेव्हा तिथेच होती. मला बघून उठली, झगा काढून घडी केली, दप्तर खुंटीला लावलं आणि आईला लसूण सोलायला गेली. दुसऱ्या दिवशी तेच. सनोबरनं सांगितलं की ती शाळेच्या घंटेच्या वेळी उभी राहते, मधल्या सुट्टीत भाकरी खाते, आणि पुन्हा बसते. रडत नाही, हट्ट करत नाही. मी तिला रागावले, "हे काय नाटक आहे?" तर म्हणाली, "नाटक नाही, सवय मोडायला नको म्हणून."

आठ दिवस हे चाललं. दाराजवळून येता-जाता सनोबरला तिला ओलांडून जावं लागे. आठव्या दिवशी मी शाळेतून आले तर सनोबर बुरखा घालून तयार बसली होती. म्हणाली, "चला वन्सं. उद्या माझी हिंमत राहणार नाही."

त्या दिवशी कचेरी बंद झाली होती, तरी मी तिला थांबू दिलं नाही. मोहल्ल्याच्या प्रमुखाकडे जाऊन मुलीच्या दफनाचं लिहून घेतलं. त्या म्हाताऱ्याला सगळं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं निघालो. पुढे खुदादाद, मागे आम्ही दोघी आणि मधे शाहपरी. मुलगी दाखवायला लागली तर असावी म्हणून तिला घेतलं होतं. तिला एवढंच सांगितलं की तुझं वय दुरुस्त करायला चाललोय. ती खूश होती. म्हणाली, "कमी करणार ना? वाढवणार नाही ना?"

कचेरीत बायकांची खोली वेगळी आहे, म्हणजे खोली एकच आहे आणि मधे जाड राखी पडदा आहे. टेबल, कारकून, साहेब, शिक्के आणि कागद पडद्याच्या पलीकडे. आम्ही अलीकडे, एका बाकावर. खुदादाद एकटा पलीकडे गेला. घरात वाचता येणारी एकटी मी, आणि मी पडद्याकडे तोंड करून बसलेली. तेव्हा याचं मला काही विशेष वाटलं नाही. सगळीकडे असंच आहे, त्याची सवय होते.

कारकुनाचा आवाज म्हातारा होता, तो जुना असावा. साहेबाचा आवाज अगदी तरुण. खुदादादनं त्याच्या त्या ठणठणीत आवाजात सगळं सांगितलं, बाहेरच्या रांगेलाही कळलं असेल. मग साहेब पडद्याजवळ आला. त्याच्या चपला पडद्याखाली दिसत होत्या.

"बहीण, हे ओळखपत्र ज्या मुलीचं आहे ती जिवंत आहे का?"

सनोबरचा हात शाहपरीच्या खांद्यावर होता.

"बहीण, ऐकू येतंय का?"

"नाही," सनोबर म्हणाली.

"ऐकू येत नाही?"

"जिवंत नाही."

"मोठ्यानं सांग. कारकून लिहून घेतोय."

मी तिचा दुसरा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा मोठा आवाज ऐकला. "मेली. शाहपरी मेली. गोवर झाला होता. तीन रात्री अंगात ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी मेली. मीच आंघोळ घातली तिला. मीच कापड गुंडाळलं. पुरं पडलं नाही म्हणून माझ्या ओढणीचं घेतलं. लिहिलंत?"

साहेब हळू आवाजात म्हणाला, "लिहिलं. आणि ही जी बरोबर आहे ती कोण?"

"ही दुसरी."

शाहपरीनं मान वर करून आईकडे बघितलं. सनोबरच्या बुरख्याच्या जाळीआड काय चाललं होतं ते कोणालाच दिसत नव्हतं. मी पोरीला जवळ ओढलं. ती आली, पण मान आईकडेच.

साहेब म्हणाला, "अल्लाह तुला याचं बक्षीस देईल, बहीण. इथे लोक कुराणावर हात ठेवून खोटं बोलतात. तू खरं बोललीस. शाळेला आमचं पत्र जाईल, शाळेतली नोंद त्याप्रमाणे दुरुस्त होईल. जा आता."

मग शिक्क्यांचे आवाज आले. खुदादाद पडद्याआडून बाहेर आला तो हसतच. "ताई, लाल शिक्का मारला! एवढा मोठा! आडवा, अख्ख्या कागदभर. आणि दुसरा निळा, मोठ्या वहीत. ओळखपत्र त्यांनीच ठेवून घेतलं, नवीन नोंद करायला लागेल ना."

"काय लिहिलंय शिक्क्यात?"

"आता मला काय कळतंय? पण साहेब चांगला माणूस आहे. मला चहा विचारला त्यानं."

मला तेव्हाच परत आत जायला हवं होतं. पडदा ओढून तो कागद हातात घ्यायला हवा होता. फार तर चार चाबूक बसले असते. पण साहेबानं स्वतःच्या तोंडानं दुरुस्त म्हटलं होतं, सनोबर भिंतीला धरून चालत होती, आणि मला ते सगळं संपवून घरी जायचं होतं.

वाटेत खुदादादनं पोरीला भाजी भरलेली गरम बोलानी घेऊन दिली. तिनं अर्धी खाल्ली आणि मला विचारलं, "आत्या, मग ती माझी ताई?"

"हो."

"तिला लिहिता येत होतं?"

"तीन वर्षांची होती गं."

"म्हणजे नाही." थोडं चालून म्हणाली, "गाढवाची काकडी तिची?"

"हो बाळा. तिची."

"मला वाटलंच. मला त्या गाढवाचा वास कधी आठवला नाही." मग उरलेली बोलानी कागदात गुंडाळून तिनं आईच्या हातात दिली. सनोबरनं ती घेतली. त्या दिवसापासून तिनं मुलीला नावानं हाक मारली नाही. "ए बाळ," "इकडे ये," असंच. नाव ओठाशी आलं की थांबायची. मी म्हटलं, होईल हळूहळू.

दुसऱ्या दिवशी दुपारी सनोबर त्या दोन दगडांकडे जाऊन आली. एकटी नव्हती, खुदादाद बरोबर होता. परत आली तेव्हा बुरख्याला गुडघ्याजवळ माती लागली होती. मला म्हणाली, "गवत वाढलंय वन्सं तिथं. दहा वर्षं कोणी काढलं नव्हतं." आणि मग ती रडली. दहा वर्षांचं रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले आणि मनात म्हटलं, चला, एवढं तरी बरं झालं. आता वाटतं, एखाद्याचं दुःख मोकळं झालं म्हणून आपण किती पटकन स्वतःला माफ करून टाकतो.

अकीलाबाईंना मी कचेरीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्र यायचंय ना? येईल. बसव तिला तोवर, मी बघते." शाहपरी वर्गात परत आली. अकरा मुलींनी टाळ्या वाजवल्या, मी गप्प करेपर्यंत वाजवल्या. पहिल्या बाकावर, माझ्या टेबलाला लागूनच तिची जागा होती. आठ दिवसांचा बुडालेला अभ्यास तिनं दोन दिवसांत उतरवून काढला. तिसऱ्या दिवशी मी भागाकार सुरू केले. घरी येऊन ती बापाला म्हणाली, "बाबा, एकवीस धुराडी तीन दुकानांत वाटली तर?" तो म्हणाला, "आधी एकवीस धुराडी विकत घेणारा माणूस दाखव." ती इतकी हसली की तिला उचकी लागली. सनोबरनं पाणी दिलं आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. ते तीन दिवस आमच्या घरात बरे गेले.

चौथ्या दिवशी दुसऱ्या तासाला अकीलाबाई वर्गात आल्या. त्या कधी तासाला मधे येत नाहीत. मी फळ्यावर सात भागाकार दिले होते आणि मुली वह्यांत डोकी घालून बसल्या होत्या. अकीलाबाईंनी टेबलावर एक पत्र ठेवलं आणि त्यावर हजेरीची वही ठेवली. म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. या क्रमांकाच्या ओळखपत्राची मुलगी मयत असल्याचं तिच्या आईनं स्वतः हजर राहून सांगितलं आहे. ओळखपत्र रद्द करण्यात आलं आहे. शाळेच्या हजेरीवर तिच्या नावापुढे मयत असा शेरा मारून नाव कमी करावं आणि तसं लेखी कळवावं. मयताच्या कागदावर दुसरी कोणी मुलगी बसत असल्यास तिला बसू देऊ नये.

तो लाल शिक्का. रद्द. माझ्या भावानं तो एवढा मोठा म्हणून हातानं दाखवला होता. मी पडद्यापासून दोन हातांवर बसले होते. तो शब्द वाचायला मला एक क्षण लागला असता.

"आणि हिची नोंद?" मी हळूच विचारलं. "दुसरीची?"

"पत्र घेऊन आलेल्या माणसाला मी विचारलं. मुलींचे नवे अर्ज ते द्राक्षांनंतर घेणार आहेत."

"द्राक्षांनंतर ती दहाची होईल."

"मला गणित येतं, माहरुख."

"तुम्ही म्हणाला होतात, मी बघते."

"बघितलं मी. त्याला म्हटलं, पोर जिवंत आहे, वर्गात बसलीय, मी दाखवते. तो म्हणाला, आईपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?" त्यांनी दाराकडे बघितलं. "तो फाटकात उभा आहे. उत्तर घेऊन जाणार आहे. शेरा वर्गशिक्षिकेच्या हातचा हवा. नाहीतर शाळाच तपासायला येतील, आणि मग या अकरा पोरी..." त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी हजेरीची वही उघडली. तिचं नाव पाचवं. आदल्या तीन दिवसांच्या हजेरीच्या खुणा माझ्याच हातच्या. मी पेन उचललं. माझ्या मनात आलं, फाटकात जावं आणि त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावा. सनोबरला हे कसं सांगायचं, तेही मनात आलं. तिनं छातीवर दगड ठेवून जे सांगितलं ते याच्यासाठी. पण बाकांवर आणखी अकरा मुली बसल्या होत्या. मी लिहिलं. शाहपरी, वडील खुदादाद, आणि शेवटच्या रकान्यात तो शब्द. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

शाई वाळायच्या आत टेबलाच्या कडेला दोन हात दिसले. शाहपरीचं झालं होतं, वही दाखवायला ती उठून आली होती. ती बुटकी, टेबल तिच्या छातीशी येतं. तिनं पलीकडून वहीत बघितलं. मी पानावर हात ठेवायला गेले तोवर तिनं वाचायला सुरुवात केली होती, उलट्या बाजूनं, बोट ठेवून, मी शिकवलं तसं. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, शेवटचा शब्द वाचला. कुठेही अडखळली नाही.

"हे ताईचं का, बाई?"

"नाही बाळा," मी म्हणाले. खोटं बोलता आलं नाही. "हे तुझं."

तिनं अकीलाबाईंकडे बघितलं, मग फळ्याकडे. रुमाल नीट केला. मग तिची वही माझ्यापुढे, हजेरीच्या उघड्या पानावर ठेवली.

"एवढे तपासून द्या ना," ती म्हणाली. "मग जाते."

मी लाल पेन घेतलं आणि तपासले. सातही बरोबर होते.